वानवळेवाल्या काकी

रिकामा डबा दिसला की काकींच्या हातांना चैन पडत नाही. डबा कुणाचा, झाकण बसतं की नाही, हे प्रश्न नंतरचे. आधी त्यात काहीतरी पडलं पाहिजे. चार चकल्या, ओंजळभर चिवडा, अगदीच काही नसलं तर परसातली दोन लिंबं. देणाऱ्याला आनंद होतो असं म्हणतात. काकींना होतो तो आनंद नव्हे, ती सुटका असते.

अशा काकी भिवंडीजवळच्या वडप्यातच आहेत असं नाही. प्रत्येक आळीत एक असतेच. शहरातल्या सोसायटीतही असते, फक्त तिथं तिला कमिटीवर घेतात आणि मग ती निवळते. वडप्यात तशी सोय नसल्यामुळे काकी पूर्ण जोमात आहेत.

शिवाय त्यांना मिळालं तेवढं कार्यक्षेत्र इतर काकींच्या नशिबी नाही. भिवंडी तालुक्यात नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिथं भात लावायचे, तिथं आता पत्र्याची गोदामं आहेत. देशात कुणी मोबाइलवर बोट टेकवून मिक्सर मागवला, तर तो इथल्या एखाद्या गोदामात रात्र काढून पुढं जाण्याची शक्यता बरीच. काकींच्या सासऱ्यांच्या जमिनीवरही एक गोदाम उभं आहे. चोवीस तास ट्रक लागतात, पण काकी त्याला अजून ‘खालचं खाचर’च म्हणतात. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या काढल्या. त्यात ओडिशाचे आहेत, झारखंडचे आहेत, बीड-परभणीचे आहेत, एका खोलीत वसईचा सुपरवायझर बायको-मुलासह राहतो. हे सगळे समजतात की आपण भाडेकरू आहोत. काकींच्या दृष्टीनं ती डबे पाठवायची घरं आहेत, भाडं वरकड.

वानवळ्याला काकींना निमित्त लागत नाही, पण सणाला त्या विशेष धोकादायक होतात. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, दिवाळीला फराळ, संक्रांतीला तिळाचे लाडू. ईदला भिवंडीतून सुताच्या व्यापाऱ्याकडचा शीरखुर्मा आला की त्याच पातेल्यातून तांदळाची खीर परत जाते. पॅकिंगचा तर प्रश्नच नाही. गोदामातून टाकून दिलेले पुठ्ठ्याचे खोके, तपकिरी टेप आणि फुग्याफुग्यांचं प्लास्टिक यांचा काकींकडे साठा आहे. त्यांच्या चकल्या त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतात. एकही मोडत नाही. घेणाऱ्याच्या घरातली पोरं चकल्या बाजूला ठेवून आधी फुगे फोडतात, हा भाग वेगळा. एकदा माझ्याकडे आलेल्या खोक्यावर काचेचा पेला छापलेला लाल स्टिकर होता. आत बेसनाचे लाडू होते आणि त्यांना पेल्याइतकं जपण्याची काही गरज नव्हती.

हिशेब सगळा तोंडी. वही नाही, पेन नाही. ‘तुझी बायको बाळंतपणाला गेली त्याच्या आदल्या आठवड्यात, निळ्या झाकणाचा’ अशी नोंद असते. मात्र काकी डबा कधी मागत नाहीत, ते त्यांच्या इभ्रतीत बसत नाही. त्या दारावरून जाताना उंबऱ्याला ऐकू जाईल इतपत म्हणतात, “आमच्या घरातले डबे अलीकडे उंदीरच नेतात वाटतं.” संध्याकाळपर्यंत डबा घरी.

पण तो कसा जातो यावर पुढचं सगळं अवलंबून. धुवून, पुसून, लख्ख करून रिकामा परत करणारा माणूस काकींच्या लेखी संपला. त्यापेक्षा खरकटा दिलेला बरा, निदान गडबडीत होता असं तरी म्हणता येतं. दुकानातली मिठाई घालून दिली तर त्या वास घेतात, झाकण लावतात आणि म्हणतात, “बरं हाय. तुला वेळ नसंल.” या पाच शब्दांनी खचलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकानं नंतर यूट्यूबवर पाहून रव्याचे लाडू केले. ते फोडायला खलबत्ता लागला, पण काकींनी ते आठ दिवस पुरवून खाल्ले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले.

दिवाळी संपून फराळाचे डबे तळाला लागले की दुसऱ्या काकींना उसंत मिळते. वडप्यात तेव्हा नाताळ येतो. वसईच्या सुपरवायझरच्या बायकोनं पहिल्या वर्षी भला मोठा डबा आणला. करंज्या, कलकल, केकचे तुकडे आणि वर केळीच्या पानात बांधलेली वसईची सुकेळी. काकींनी पदर खोचला आणि एकेक वस्तू उजेडात धरून तपासली. करंजीला हरकत नव्हती. कातण नीट फिरवलेलं होतं, सारण कडेपर्यंत होतं. कलकल हातात घेऊन मात्र त्यांनी बराच वेळ फिरवला.

“ही शंकरपाळीच हाय,” त्या म्हणाल्या. “थंडीनं आखडल्ये.”

बायको बिचारी समजावू लागली, की काकी, पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, म्हणजे अशा रेघा उठतात, आणि काटा नसेल तर नवी फणीसुद्धा चालते. काकींनी त्यातलं फणी तेवढं ऐकलं. पुढच्या दिवाळीत त्यांच्या शंकरपाळ्यांवर सुरेख बारीक रेघा होत्या. फणी नवी होती का, हे वडप्यात कुणी विचारलं नाही.

केकचं प्रकरण जरा अवघड गेलं. ठाणे जिल्ह्यात मार्गशीर्ष म्हणजे काय ते सांगायला नको. श्रावणाइतकाच कडक, घट मांडलेले, गुरुवारी उपास, आणि मासळीवर जगणारी माणसं महिनाभर वालाच्या डाळीकडे बघत बसतात. २०२४ साली २५ डिसेंबर आला बुधवारी, आणि दुसऱ्या दिवशी २६ला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. केकमध्ये अंडं. खोल्यांतले सगळे काकी काय निकाल देतात म्हणून वाट बघत होते. बीडकडच्या एका पोरानं तर त्या निकालावर स्वतःचा तुकडा अडवून ठेवला होता. काकींनी केक नाकाशी नेला, दाबला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, “ह्यात अंडं दिसतंय का तुला?” नाही म्हणाला. “मग? दिसत नाय त्याला काय बोलायचं? पण रातच्याला बारापर्यंत संपवा.” स्वतः त्यांनी खाल्ला नाही. त्यांचा तुकडा शुक्रवारपर्यंत देवघरापासून पुरेसा लांब, फळीवर झाकून होता आणि त्यावर त्यांची नजर होती.

गोदामातला केरळी मॅनेजर हे ऐकत उभा होता. त्याला राहवलं नाही. भारतातला पहिला नाताळचा केक आमच्या तलश्शेरीत झाला, १८८३ साली, मंबल्ली बापू नावाच्या बेकरीवाल्यानं एका इंग्रज मळेवाल्यासाठी भाजला असं आमच्याकडे सगळे सांगतात, असं त्यानं मोडक्या हिंदीत, पण अभिमानानं सुनावलं. काकींनी क्षणभर विचार केला. “उसके पहले लोक नाताल में क्या खाता था? करंजीच ना?” मॅनेजरकडे उत्तर नव्हतं. त्याच्या डब्यात त्या दिवशी करंज्याच गेल्या.

काकींचा पराभव झाला तो मात्र भलत्याच दिशेनं. झारखंडचे तीन पोरगे एका खोलीत राहात. गुमला-सिमडेगाकडचे, कॅथलिक, रात्रपाळीवाले. त्यांच्याकडून कुणाला काही अपेक्षा नव्हती. दिवाळीत काकींनी पाठवलेला डबा त्यांच्याकडेच राहिला होता. साधासुधा नव्हे, काकींच्या लग्नात आलेला, आत्याचं नाव घातलेला. उंदरांचा उल्लेख दोनदा झाला, पण पोरांना मराठी येत नव्हतं. नाताळच्या दिवशी डबा आला. आत तांबूस, गोल, जाडसर काहीतरी होतं.

काकींनी तुकडा मोडला, चावला आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “ह्याच्यावर खसखस का नाय?”

तो आरसा होता. झारखंडच्या त्या भागात ख्रिस्ती घरांतून नाताळला करतातच. तांदूळ भिजवायचे, कुटायचे, गुळाच्या पाकात मळायचे आणि तेलात सोडायचे. म्हणजे आपला अनारसाच. आपल्याकडे तीन दिवस तांदूळ भिजवून रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचे, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं, अधिक महिन्यात जावयाला तेहतीस मोजून द्यायचे, इतका मोठा थाट. आणि त्या तिघांतलं एक पोरगं रात्रपाळी करून, गॅसच्या छोट्या शेगडीवर, उकिडवं बसून करून गेलं.

त्यात दुखरी नस अशी, की त्या दिवाळीत काकींचे अनारसे हसले होते. तुपात टाकले की विरघळून जाळी-जाळी होत पसरत होते. घाणेच्या घाणे वाया गेले. काकींनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं, म्हणजे आळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि इथं एकही आरसा हसलेला नाही. सगळे गंभीर.

दुसऱ्या दिवशी उपास असतानाही काकी त्या खोलीत पाट घेऊन जाऊन बसल्या. “मना दाखव,” म्हणाल्या. पोरगा घाबरला. घरमालकीण तपासायला आली असं त्याला वाटलं आणि त्यानं आधी गॅसचं सिलिंडर लपवलं. मग काढलं. तास-दीड तास काकी तोंडानं एक अक्षर न काढता त्याचे हात बघत होत्या. निघताना सवयीनं तो आत्याच्या नावाचा डबा त्यांनी भरून त्याला दिला. इथं हिशेब चुकला.

कारण पुढं पोराची बदली झाली. कंपनीनं त्याला नागपूरकडच्या गोदामात पाठवलं, आणि पोराबरोबर डबाही गेला. काकींनी तो जिवंत माणूस हरवल्यासारखा मनाला लावून घेतला. नागपूरपर्यंत उंदरांची हाक पोचणार कशी? जून २०२५मध्ये समृद्धी महामार्ग शेवटपर्यंत सुरू झाला, ७०१ किलोमीटर, नागपूर ते आमणे. आमणे वडप्याच्या अंगाशीच. मोठमोठ्या लोकांनी त्यावर भाषणं केली, माल वेगानं पोचेल, उद्योग येतील वगैरे. काकींनी रस्त्याचा एकच उपयोग ओळखला. नाक्यावर चहाला थांबणाऱ्या नागपूरच्या प्रत्येक ट्रकवाल्याला त्या सांगू लागल्या, की तिकडे एक पोरगा आहे, काळासावळा, लाजरा, त्याच्याकडे आमचा डबा आहे.

आणि २०२५च्या नाताळच्या आठवड्यात डबा खरंच आला. एका ट्रकच्या केबिनमधून, टॉवेलात बांधून. वर नागपूरची संत्रा बर्फी, खाली आरसे, आणि प्रत्येक आरशावर एका बाजूनं खसखस.

मार्गशीर्ष आधीच संपला होता, त्यामुळे धर्माची अडचण नव्हती. काकींनी तिथंच उभ्याउभ्या एक खाल्ला. बर्फी दुकानातली होती, पण तिच्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. ड्रायव्हरला वाटलं आपलं काम झालं. त्यानं गाडी चालू केली.

“थांब रं, रिकामा न्हेतोस काय?” काकी ओरडल्या, आणि घराकडे धावल्या. माल उतरवून तो रात्री परत नागपूरला निघणार हे त्यांनी केव्हाच विचारून घेतलं होतं. ट्रक अर्धा रस्त्यात, मागं गाड्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवताहेत, एक हवालदार काठी आपटत येतोय, आणि काकींचा आवाज आतून: “दोन मिन्टं! तेल तापलंय!”