एकशे ब्याऐंशी दिवसांचे काका

मंत्रालयातून किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, मुलगा न्यू जर्सीत असलेले आणि एप्रिलात उडून ऑक्टोबरात परतणारे काका आता सोसायटीगणिक सापडतात. एडिसनच्या ओक ट्री रोडवर कोथिंबिरीच्या जुडीला डॉलर गुणिले रुपये करणं त्यांनी पहिल्या वारीनंतरच सोडलं. आता हिशेब फक्त दिवसांचा. पासपोर्टावरच्या शिक्क्यांच्या तारखा कालनिर्णयच्या मागच्या पानावर उतरवलेल्या असतात. भारतातला मुक्काम 182 दिवसांच्या आत ठेवला की आपण एनआरआय, आणि एनआरआय झालो की पेन्शनवरचा कर सुटला, ही त्यांची श्रद्धा. कट्ट्यावर हे सांगताना आवाज खाली येतो, पण शेवटच्या बाकावर ऐकू जाईल इतकाच.

कायदा मात्र काकांना एनआरआय होऊच देत नाही. 182 दिवसांशिवाय दुसरीही कसोटी आहे: वर्षात 60 दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस भारतात भरले, तरी माणूस निवासीच. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला 60 दिवसांची अट लागत नाही. पण नातवाला सांभाळणं ही नोकरी आहे, हे आयकर खातं मानत नाही. समजा, वर्षानुवर्षं तिकडेच राहून काका अनिवासी झाले. तरी सेवा इथली, पेन्शन इथल्या बँकेत जमा, म्हणून कर इथे लागतोच. भारत-अमेरिका कराराचं 19वं कलमही सरकारी पेन्शन ती देणाऱ्या देशाच्या पदरात टाकतं.

आणि भुर्दंड तर पुढेच आहे. 2025-26 साठी नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ, वर पेन्शनला 75 हजारांची प्रमाणित वजावट. वर्षाला 10 लाख पेन्शन घेणाऱ्या, लोणावळ्यापलीकडे कधी न गेलेल्या शेजाऱ्याला कर शून्य. तेवढ्याच पेन्शनवर अनिवासी काकांना 33,800 रुपये, कारण ती माफी फक्त निवासींना. यावर कुणी विचारेल, मग इतके लोक हा दर्जा जिवापाड का जपतात? त्यांची कमाई परदेशातली असते. तिच्यावर इथे कर नाही आणि एनआरई खात्याचं व्याजही करमुक्त. काकांची परदेशातली कमाई म्हणजे नातवाचं ‘थँक्यू, आजोबा’. खासगी कंपनीची पेन्शन असेल तर गोष्ट वेगळी, हे मान्य. 20वं कलम ती राहत्या देशाकडे सोपवतं. पण तो देशही ती माफ करायला बसलेला नाही.

तरी काका ग्रीन कार्डाची वाट बघतात. ते आलं की अमेरिकेला जगभरचं उत्पन्न दाखवायचं. इथे भरलेल्या कराचं श्रेय तिथे मिळतं, एवढाच दिलासा. शिवाय बाहेरच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही 10 हजार डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खात्याची माहिती वेगळी कळवायची. ती यादी सुनेच्या लॅपटॉपवर भरली जाते, शेजारी काकू बसलेल्या असतात, आणि सांगलीच्या पतपेढीतल्या त्या एका एफडीबद्दल काकूंना अजून काही सांगितलेलं नसतं.