टीटीवाय नाना

हैदराबादच्या गौलीगुड्यात नानांचं घर विचारलं की लोक अजून पडलेल्या हँगरपासून सुरुवात करतात. निजामाच्या काळातला तो अवाढव्य लोखंडी हँगर, आमचं जुनं बस स्टँड, ५ जुलै २०१८ ला कोसळला. बस आधीच तिथून हलवल्या होत्या, म्हणून माणसं वाचली. सगळी गल्ली हळहळत होती, तेव्हा नाना म्हणाले, "दोन नंबर कुणीतरी वाचत होतं म्हणायचं!"

नानांच्या दोन नंबरचा काळ्या पैशाशी संबंध नाही. कॉम्प्युटरच्या युनिक्स प्रणालीत प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याला तीन वाटा आंदण मिळतात. शून्यातून ऐकायचं, एकातून उत्तर द्यायचं, दोनातून कुरकुर करायची. नोकरी संपली तसे नाना या तीन वाटांवरच राहायला गेले. भाजी खारट झाली तर ताटावर चकार शब्द काढत नाहीत. फ्रिजवर 'एरर' नावाची वही आहे, तीत तारीख घालून लिहितात. काकू ती वही महिन्याच्या रद्दीत घालतात. ही सोयही युनिक्समध्ये आहे, 'डेव्ह नल' म्हणतात तिला, पण वही तिथे जाते याचा नानांना अजून पत्ता नाही.

कोपऱ्यावरच्या कॉलेजच्या पोराने एकदा आपली कमांड दाखवायला आणली. उत्तरं फाइलमध्ये जात होती, एरर मात्र पडद्यावरच सांडत होते. नानांनी चहा बाजूला ठेवला. "काय बे, दोनला आधी सांगितलंस एकच्या मागे जा, आणि मग एकला पाठवलंस फाइलमध्ये! त्या वेळी एक होता पडद्यावर, म्हणून दोनही तिथेच बसला. आधी एकला मार्गी लाव, मग दोनला त्याच्या मागे लाव." पोरगा कामाचं घेऊन पळाला. चहा गार.

पण नानांचा खरा जीव स्युडो-टर्मिनलमध्ये. समोर माणूस बसलाय की नुसता पाइप, म्हणजे एका प्रोग्रामचं उत्तर दुसऱ्याकडे नेणारी नळी आहे, हे प्रोग्रामला विचारून कळतं, आणि कळलं की तो रंग बदलतो. पडद्यावर फाइलींची यादी रंगीबेरंगी, तीन-चार रांगांत ऐसपैस. पाइपात तीच यादी फिकी, एकाखाली एक. पडद्यावर ओळ संपली की लगेच दिसते; पाइपात मात्र लिनक्सवर साधारण ४०९६ बाइट साठेपर्यंत ओठ मिटलेले. पासवर्ड विचारणारे तर पाइपाला दारातही उभं करत नाहीत, थेट टर्मिनलच, म्हणजे 'टीटीवाय', शोधतात. मग करायचं काय? कर्नलकडून, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडून, दोन टोकांची जोडी मागून घ्यायची; हेच ते स्युडो-टर्मिनल. एक टोक प्रोग्रामच्या हाती द्यायचं. त्याला वाटतं, आलं बुवा गिऱ्हाईक. दुसऱ्या टोकाला दुसराच प्रोग्राम बसून खटाखट उत्तरं देतो. खुर्चीवर कुणीही नाही! अमेरिकेतल्या डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये याच फसवणुकीवर 'एक्स्पेक्ट' उभं केलं. त्यांचं नाव घेताना नाना कानाच्या पाळीला हात लावतात.

स्वतः नाना मात्र घरात पाइप आहेत. काकूंनी काही विचारलं की "हौ", "नक्को" किंवा "बघू". पुण्याचा पाहुणा आला की तेच नाना सुलतान बाजारापासून निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनपर्यंत सगळे रंग उधळतात. चाळीस वर्षं हे पाहिल्यावर काकूंनी एक शब्दही प्रोग्रामिंग न शिकता उपाय काढला. तो उपाय म्हणजे मी. रविवारी मला नानांसमोरच्या खुर्चीवर बसवतात, उस्मानिया बिस्किटं पुढे ठेवतात आणि स्वतः आत मेथी निवडत बसतात.

"विचार, मिक्सर कधी मिळणार."

मी विचारतो. नाना खुलतात. मिक्सरच्या मोटरवरून गुजराती गल्लीत एकेकाळी मिळणाऱ्या केबलींवर, तिथून मॅकइलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये युनिक्समध्ये आलेल्या पाइपवर, आणि त्या गदारोळात कुठेतरी "गुरुवारी देतो म्हणालाय" येऊन जातं. काकूंना तेवढंच हवं असतं. बाकीचं सगळं मी ऐकायचं.

"आता लाइट बिल विचार."

परवा मात्र नाना थबकले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "हे तू विचारतोयस की ती?"

मी तोंडातलं बिस्किट गिळेपर्यंत आतून आवाज आला, "तुम्हाला काय करायचंय? समोर माणूस बसलाय ना? मग बोला!"