बॅकअप आहे? मग उघडून दाखवा

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून महाप्याकडे निघालात की जवळपास बिनखिडक्यांच्या काही अगडबंब इमारती लागतात. आत सर्व्हर, मागे डिझेल जनरेटर, गेटवर कडक पहारा. पतसंस्थेची खाती किंवा वाशीच्या बाजारातल्या अडत्याची बिलं ‘क्लाउडवर आहेत’ म्हणतात, ती शेवटी अशाच कुठल्या तरी इमारतीत असतात.

इमारत म्हटली की विजेची चिंता आली, आगीचीही आली. १२ ऑक्टोबर २०२०ची सकाळ आठवा. कळवा-पडघे वीजवाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. इतकी ही शहरं एकमेकांत अडकलेली असताना मूळ डेटा महाप्यात आणि त्याची प्रत रबाळ्यात ठेवून काय साधलं? एका इमारतीचं संकट टळेल, सगळ्या पट्ट्यावरचं कसं टळणार? फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला मार्च २०२१मध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपसुद्धा तिथेच होते. गेले.

दूरची जागा मिळत नाही, ही सबब आता चालणार नाही. मायक्रोसॉफ्टची केंद्रं पुण्यात २०१५पासून आहेत, अ‍ॅमेझॉनची मुंबईत २०१६पासून आणि हैदराबादेत २०२२पासून. खर्च वाढतो, हे खरं. पण खातेदाराच्या पैशांचा हिशेब सांभाळणाऱ्याने तिथे काटकसर करू नये.

आणि आपोआप होणाऱ्या प्रतीवर विसंबू नका. इकडे कुणी चुकून टेबल पुसलं की ते तिकडूनही काही क्षणांत पुसलं जातं. म्हणून जुन्या तारखांच्या प्रती हव्यात, त्याही वेगळ्या अकाउंटमध्ये. एकाच अ‍ॅडमिनच्या पासवर्डने दोन्ही उडवता येत असतील तर चोराचं काम आपणच सोपं केलं.

सभेत विचारतात, “बॅकअप आहे ना?” उत्तर येतं, “आहे.” विषय संपतो. हा प्रश्नच चुकीचा आहे. “शेवटचा रिस्टोअर कधी केला?” असं विचारा. उत्तर अडखळत आलं तर येत्या शनिवारी कामकाज संपल्यावर कोऱ्या मशीनवर कालची प्रत उघडायला लावा. एखाद्या खात्याची शिल्लक जुळवून बघा. किती तास लागले, काय उघडलं नाही, हे संचालक मंडळाच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात लिहा.