साठ घोडे, अंबाडीमार्गे

भिवंडीत गाडी किती पळणार हे कंपनीच्या हातात नसतं, पुढच्या कंटेनरच्या हातात असतं. तरीही काल्हेरच्या आमच्या दादाने, म्हणजे आतेभावाने, कुठूनशी शोधून सॅन स्टॉर्म घेतली. ही गाडी ठाऊक नसलेल्यांसाठी (म्हणजे जवळपास सगळ्यांसाठीच) सांगतो: नव्वदच्या दशकाअखेरीस आलेली, गोव्यात बनलेली, फायबरग्लासची बॉडी, दोनच सीटा, वर कापडी टप. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, ताकद 60 हॉर्सपॉवरच्या आसपास. भावोजींची डिझायर 2024 सालची. इंजिन तेवढंच, 1.2 लिटरचं, पण घोडे 80 च्या वर, सहा एअरबॅगा आणि ग्लोबल एनकॅपचे पाच तारे. म्हणजे घरातली स्पोर्ट्‌स कार घरातल्या सेडानपेक्षा वीस घोडे मागे. भावोजींनी हे निघतानाच काढलं. दादा म्हणाला, "घोडे मोजायला टांगा आहे का, भावोजी?"

निघालो वज्रेश्वरीला. मी दादाच्या शेजारी, बाकी सगळं गोकुळ डिझायरमध्ये.

अंजूरफाट्यापर्यंतच दोन्ही गाड्यांची बरोबरी झाली, कारण दोन्ही उभ्या होत्या. मुंबईत जकात होती तेव्हा तिच्या हद्दीबाहेर, आमच्याकडच्या ग्रामपंचायतींच्या भातशेतांत गोदामं उभी राहिली. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली; गोदामं मात्र कुठे जातात? अख्ख्या मुंबईने ऑनलाइन मागवलेले मिक्सर, चपला आणि डायपर सकाळी आमच्या पुढे असतात.

स्टॉर्ममध्ये आपण बसत नाही, आडवे होतो. नदीनाक्यावर शेजारी ट्रेलर येऊन थांबला, तर त्याच्या चाकाचा मधला भाग नेमका माझ्या कानाशी. कुठला नट नवा, कुठला गंजलेला, कुठल्यावर ग्रीस चोपडलंय, सगळं दिसत होतं. क्लीनरने वरून डोकावून विचारलं, "भाई, इलेक्ट्रिक है क्या?" पलीकडच्या टेम्पोवाल्याला त्यात रस नव्हता. "ॲव्हरेज क्या देती है?" दादाने आकडा सांगितला. टेम्पोवाल्याने सहानुभूतीने मान हलवली आणि, खरं सांगतो, आम्हाला पुढे घुसू दिलं. मागच्या डिझायरला नाही दिलं. पाच तारे असले तरी पांढऱ्या डिझायरकडे टॅक्सी समजूनच बघतात.

डिझायरचं सनरूफ उघडून भाचा वर आला. वाटेतल्या मागांच्या गाळ्यांतलं कापसाचं तूस आणि डंपरची धूळ मिनिटभरात आत गेली. ताईने त्याला पायाला धरून खाली ओढलं आणि काच बंद. आम्हाला बंद करायला काच होतीच कुठे? दादाने टप घरी ठेवला होता. "टप लावून स्टॉर्म चालवायची तर मग डिझायरच घ्यावी की!"

शेलारच्या पुढे वाडा रस्ता. त्याचं वर्णन करत नाही; ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांना गरज नाही आणि बाहेरच्यांना पटणार नाही. दादा प्रत्येक खड्ड्याला तिरका जाऊन एकेक चाक उतरवत होता. मागून भावोजी एसीत बसून हॉर्न देत होते. दुगाडफाट्याशी ते पुढे गेले.

वसई जिंकण्यासाठी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस बोलला आणि 1739 मध्ये किल्ला घेतल्यावर तो फेडला, असं सांगतात. दादाने देवळाच्या पायऱ्यांशी स्टॉर्म लावली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर साधारण तोच भाव होता. अकलोलीच्या गरम कुंडांत पाय सोडून भावोजी मायलेज, सर्व्हिसिंग, रीसेल असं मुद्देसूद बोलत होते. सगळं खरं होतं. फोटो मात्र कुणीच डिझायरचे काढत नव्हतं.

परतताना आत्या "फोटोपुरती बसते" म्हणून स्टॉर्ममध्ये बसली आणि तिला उठता येईना. दादाने हात धरला, भावोजींनी काख, मी नुसत्या सूचना दिल्या.

"राहू द्या रे," आत्या पदर डोक्यावरून घट्ट आवळत म्हणाली. "मी हीतच बसून येनार. तू जा मागं, पोरांत."

अंबाडीला आम्ही एसी लावून त्यांच्या मागे अडकलो होतो. पुढे आत्या डंपरवाल्याला हात करून बाजूला व्हायला सांगत होती, आणि तो होत होता.