चोपन्न लिटरचं धरण

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतील, तर जावयाने घरात साधी बादलीसुद्धा विचार करून भरावी. मी तर गाडीत टाकी बसवायला निघालो होतो.

गाडी गुरखा, पाच दारांची, फोर बाय फोर. बेत कच्छचा: खावडा, धोलावीरा, रणाच्या कडेकडेने, आणि जमेल तिथे तंबू. तंबू आला की पाणी आलं. वीस लिटरचे जार न्यायचे, तर ते प्रत्येक गतिरोधकावर एकमेकांना भेटायला जातात. शिवाय जारमधून तांब्यात पाणी ओतण्याचं काम दोघांनी करायचं असतं आणि पाय तिसऱ्याचे भिजतात. म्हणून गाडीच्या मापाची स्टीलची टाकी करून घ्यायची, तिला 12 व्होल्टचा छोटा पंप लावायचा आणि मागच्या दाराशी नळ काढायचा, असं ठरवलं. "कंपनीने हवेचं नाक छपरापर्यंत नेलंय, पाणी आत जाऊ नये म्हणून," शेजारचे काका स्नॉर्कलकडे बोट दाखवत म्हणाले, "आणि तुम्ही पैसे मोजून पाणी आत घालताय!" काकांचं म्हणणं बिनतोड होतं. मी विषय पार्किंगकडे वळवला.

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कल्पना लगेच पटली. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली एकही धरण उरलं नव्हतं.

"साठा किती धरलाय, जावईबापू?"

"चोपन्न लिटर."

त्यांनी डोळे मिटले. एक टीएमसी म्हणजे 2831 कोटी लिटर. "टीएमसीच्या 52 कोटी भागांतला एक," ते डोळे न उघडताच म्हणाले. "खडकवासला 1.97 टीएमसी आहे. हे लघुपाटबंधाऱ्यात बसेल. जागेची पाहणी झाली का?"

जागेची पाहणी म्हणजे मी आणि अण्णा गाडीत ओणवे, हातात मोजपट्टी. पाणी लिटरला किलो, त्यामुळे भरलेली टाकी छपरावर ठेवली तर घाटातल्या वळणावर गाडी कलंडायला निमित्तच मिळेल, आणि उन्हात वरचं पाणी चहापुरतं तापेल ते वेगळंच. अगदी मागे, डिकीत ठेवली तर सगळा भार मागच्या आसाच्याही मागे जातो आणि गाडीचं नाक हलकं होतं. भार हवा दोन आसांच्या मधे आणि शक्य तितका खाली. मागची सीटच काढून टाकू, असं मी सुचवलं. अण्णांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ऐकवलं: नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सीट राहिली. उरली ती एकच जागा, पुढच्या सीटांच्या मागे, जिथे मागे बसणाऱ्यांचे पाय असतात.

पुढे मी आणि अण्णा बसणार, हे घरात गृहीतच होतं. मागे बायको आणि सासूबाई.

"म्हणजे आमचे पाय बुडीत क्षेत्रात," बायको म्हणाली. ती अण्णांचीच मुलगी. दिवाणखान्यात पुठ्ठ्याची टाकी कापून मांडली होती, तिच्यावर तिने पाय ठेवून पाहिले. गुडघे हनुवटीला लागले. मग तिने महाराष्ट्रात प्रत्येक धरणाच्या पायथ्याशी कधी ना कधी घुमलेली घोषणा दिली: "आधी पुनर्वसन, मग धरण!" सासूबाईंनी लगोलग हात वर करून दुजोरा दिला. अण्णा अस्वस्थ झाले. नोकरीभर त्यांनी ही घोषणा मंडपाच्या पलीकडून ऐकली होती, घरातल्या गालिच्यावरून नव्हे.

वाटाघाटी झाल्या. टाकीची उंची कमी झाली, वर प्लायवूड आणि गादी मंजूर झाली, आणि मोबदला म्हणून परतीच्या प्रवासात पुढची सीट सासूबाईंना. ही शेवटची अट अण्णांनी "तत्त्वतः मान्य" केली. सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना यातून काय ते कळेल.

पुठ्ठ्याचं माप कायम झालं: 96 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 20 उंच. गणिताने साडेसत्तावन्न लिटर; गाडीच्या तळाला मधोमध उंचवटा असतो, त्याच्यासाठी खालून खाच सोडली की उरतात चोपन्न. पुठ्ठा घेऊन आम्ही भोसरीला एका मिस्त्रीकडे गेलो. पत्र्याची कामं करणारे फॅब्रिकेटर भोसरीत गल्लोगल्ली आहेत, पण हा मिस्त्री दुधाच्या टाक्या करणारा, म्हणजे आतून हात फिरवला तर लागणार नाही असा जोड मारणारा. त्याने पुठ्ठा उलटसुलट केला आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेब, भरून फिरणार की अर्धी?"

प्रश्न खोल होता. भरलेली टाकी गुपचूप बसते. रिकामी तर बिचारी 14 किलोचा डबाच. गोंधळ घालते ती अर्धी. ब्रेक मारला की सत्तावीस किलो पाणी पुढे धावतं, भिंतीला धडकतं आणि गाडी थांबल्यावर परत येऊन तुम्हाला मागून ढकलतं. वळणावर तेच आडवं. ज्याला पट्टा बांधता येत नाही असा हा एकच प्रवासी. त्याला आवरायला टाकीत आडवे पडदे टाकतात. मिस्त्री त्यांना बॅफल म्हणत होता. पडद्याचे खालचे कोपरे कापायचे पाण्यासाठी, वरचे हवेसाठी आणि मधे हात जाईल एवढं भोक ठेवायचं, कारण टाकी कधीतरी घासावी लागते. त्यासाठी वर बोल्टचं झाकण आणि खाली रबराचं पॅकिंग.

"तपासणी गॅलरी," अण्णा समाधानाने म्हणाले. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुढे त्याला सवय झाली.

पत्र्यावरून मात्र वाद पेटला. ठरला होता 304 जातीचा, 16 गेज. अण्णा दुसऱ्या दिवशी फ्रिजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खिशात घालून आले. तिच्या पाठीला लोहचुंबक होतं. स्टीलची भांडी घेताना चुंबक लावून पाहणं हा आपल्याकडचा सर्वमान्य शास्त्रीय प्रयोग आहे. सपाट पत्र्यावरून स्ट्रॉबेरी घसरली, अण्णा खूश. पण पत्रा जिथे वाकवला होता त्या कडेवर ती हलकेच चिकटली.

"हे काय?"

"वाकवला की थोडा चिकटतोच, साहेब," मिस्त्री म्हणाला.

मला वाटलं, थाप मारतोय. पण तो अगदी खरं बोलत होता. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, आणि मूळ स्थितीत तो चुंबकाला दाद देत नाही. थंड असताना दाबून वाकवला की त्याची अंतर्गत रचना जागोजागी बदलते आणि तिथे चुंबकाची ओढ निर्माण होते. वाईट बातमी पुढेच होती. स्वस्तातला 202 सुद्धा चुंबकाला चिकटत नाही! म्हणजे पिढ्यानपिढ्या भांड्यांच्या दुकानांत आपण केलेल्या या प्रयोगातून 304 आणि 202 यांतला फरक कळत नाहीच. त्यासाठी मिस्त्रीकडे एक बाटली होती. पत्र्यावर द्रावणाचा थेंब टाकायचा, छोटी बॅटरी टेकवायची. 202 असेल तर त्यातल्या मँगनीजमुळे थेंब लाल होतो. आमचा थेंब लाल झाला नाही. अण्णांनी स्ट्रॉबेरी खिशात घातली आणि बराच वेळ ते कुणाशी बोलले नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. पाणी तांब्यात ठेवावं; कसब्यात तांबट आळी आहे, तिथे जावं. त्यांना नाही म्हणणं माझ्या कुवतीबाहेरचं होतं. तांब्याचा भाव ऐकून अण्णाच म्हणाले, की याला सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे सुप्रमा, लागेल, आणि या प्रकल्पाला ती आधीच एकदा दिलेली आहे. (एकदा नव्हे. पंप, फ्यूज, खाण्यापिण्याला चालणारी नळी, प्रत्येक वेळी मी बायकोपुढे नवा आकडा घेऊन उभा राहिलो होतो. तिनेही दर वेळी त्यावर "चर्चा करून" असा शेरा मारला होता.)

खाचेने एक पेच केला. तळात उंचवट्याच्या दोन बाजूंना दोन डोह तयार झाले. पंपाची नळी एकाच डोहात सोडली, तर दुसऱ्यातलं चारेक लिटर पाणी कायमचं तिथेच बसणार. मिस्त्रीने दोन्ही डोहांना वेगवेगळी तोटी काढून त्या पंपाआधी जोडल्या. "डावा कालवा, उजवा कालवा," अण्णांनी वहीत टिपलं. तोट्या तळापासून सेंटिमीटरभर वर होत्या, म्हणजे खालचं दोन लिटर पाणी पंपाला मिळणार नव्हतं. तो मृत साठा. शुद्ध फायद्याची गोष्ट म्हणजे पत्र्याचा कीस वगैरे काही राहिलंच, तर ते त्या मृत साठ्यात बसेल आणि चहात येणार नाही.

मग अण्णांनी ती विचारणा केली, जिची मी वाट पाहत होतो: "सांडवा?" टाकीला हवेची नळी लागते. नसेल तर भरताना पाणी गुळण्या करत तोंडावर येतं आणि उपसताना आत हवा न आल्याने पंप नुसता कण्हतो. पण ही नळी टाकीच्या पातळीलाच सोडली तर चढावर तिच्यातून पाणी बाहेर. म्हणून ती दाराच्या खांबातून खिडकीच्या उंचीपर्यंत चढवली आणि वळसा देऊन गाडीच्या तळाखाली सोडली. आर्गन वेल्डिंगचा शेवटचा जोड मारला, त्याला अण्णा घळभरणी म्हणाले. भरलेल्या टाकीचं जलपूजन झालं. सासूबाईंनी खण-नारळाने ओटी भरली आणि नारळ फोडायला मिस्त्रीचाच हातोडा घेतला.

कच्छबद्दल काय सांगू? रस्ते उत्तम, माणसं त्याहून. जिथे थांबलो तिथे कुणी न विचारता पाणी आणून दिलं, आणि आमच्या पायांखाली चोपन्न लिटर. ते वापरता येत नव्हतं, कारण पाणी सोडायचा निर्णय कालवा सल्लागार समिती घेते, आणि समिती पुढच्या सीटवर झोपलेली असे. जागी असली की सांगे, "आवर्तन संध्याकाळी." त्या आवर्तनात चहापुरतं पातेलं भरलं जाई आणि अण्णा वहीत उरलेला साठा मांडत. बायको आणि सासूबाई प्रत्येक टपरीवर बाटलीबंद पाणी घेत. त्या बाटल्या टाकीवरच्या गादीवर पडून असत. लाभक्षेत्रातले लोक टँकरवर जगतात ते असं.

धोलावीराला मात्र अण्णा गप्प झाले. मनहर आणि मनसर या पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या दोन ओढ्यांच्या मधे हडप्पा काळातल्या माणसांनी शहर वसवलं, ओढ्यांना बांध घातले आणि पावसाचं पाणी गावाभोवतीच्या हौदांत वळवलं. त्यातला एक हौद सुमारे 73 मीटर लांब आणि 29 मीटर रुंद आहे, पायऱ्यांसकट. 2021 साली या जागेचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अण्णा हौदाच्या काठाने सावकाश चालत गेले, वाकून पाणी आत येण्याचा मार्ग पाहिला, उतार नजरेने मोजला. परत आले ते म्हणाले, "काम चोख आहे. आणि एकही सुप्रमा नाही."

परतीला पुढची सीट सासूबाईंना मिळाली नाही. "अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने" असं कारण कळलं. पुण्यात आलो तेव्हा टाकीत एकोणचाळीस लिटर शिल्लक. प्रवास संपला की टाकी रिकामी करून वाळवायची असते, नाहीतर पाण्याला वास धरतो. पण अण्णांनी त्यावर बैठक लावली. आधी पिण्याचं पाणी, मग शेती, मग उद्योग. पिण्याला कुणी तयार नव्हतं. शेती म्हणजे सासूबाईंची तुळस, तिची गरज लिटरभर. गाडी धुणं उद्योगात येत असल्याने शेवटी. चर्चा चालू असताना खालून धो धो आवाज आला. बायकोने पार्किंगमध्ये जाऊन टाकीचा तळातला कॉक सरळ उघडला होता.

अण्णा गॅलरीत धावले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर, आमचं अख्खं धरण एका क्युसेकला दोन सेकंदही पुरलं नसतं. पण उतार वॉचमनच्या खुर्चीकडे होता, आणि वॉचमन चपला काढून डुलकी घेत होता.

"अगं, विसर्ग सुरू करण्याआधी नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला होतास का?" अण्णा वरून ओरडले.

"दिला होता," ती खालून म्हणाली. "ते स्थलांतर करायला तयार नाहीत. त्यांनाही आधी पुनर्वसन हवंय."