हलवू नका, सेटिंग बिघडंल

अण्णांच्या लॅपटॉपबरोबर पाठीला अडकवायची एक चांगली काळी बॅग फुकट आली होती. तिच्यात आता लसूण असतो. सोप्यातल्या खुंटीला ती टांगलेली असते. फोडणीच्या वेळी काकू येतात, चेन उघडतात आणि लॅपटॉपच्या कप्प्यातून एक गड्डा काढून नेतात. चार्जरच्या कप्प्यात सुक्या मिरच्या.

लॅपटॉप मात्र खिडकीजवळच्या टेबलावर. आला त्या दिवशी ठेवला तिथंच. खाली निवृत्तीच्या समारंभात मिळालेले दोन जाडजूड ग्रंथ, म्हणजे पडदा डोळ्यांसमोर येतो. पुढं वेगळा कीबोर्ड, कारण मूळच्या कीबोर्डवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, आणि प्लॅस्टिकवरून 'क्ष' टाइप होत नाही. बाजूला माउस. भिंतीवरच्या 32 इंची टीव्हीला केबल. आणि काम संपलं की सगळ्यावर चौघडी करून घोंगडी. म्हसवडचं घोंगडं नावाजलेलं; ते संगणकाला पांघरणारे बहुधा अण्णाच.

असली माणसं गावोगाव आहेत. 2020 च्या टाळेबंदीत ऑफिसचे लॅपटॉप घरी आले आणि कित्येक घरांत जेवणाच्या टेबलाचं एक टोक कायमचं बळकावून बसले. पण ती वेळेची गरज होती. अण्णांचं तसं नाही. त्यांचं तत्त्व आहे. "वस्तू जागेवर पाहिजे" हे पहिलं वाक्य आणि "हलवू नका, सेटिंग बिघडंल" हे दुसरं. कोणती सेटिंग, हे विचारायची कुणाची टाप नाही. फडकं मारताना काकूंनी माउस वीतभर सरकवला तरी अण्णा चष्मा वर करून तो पूर्वीच्या ठिकाणी आणून ठेवतात.

लॅपटॉप पाठवला पुण्याच्या मुलानं. त्याचा हिशेब साधा होता : गावाकडं लाइट जाते, लॅपटॉप बॅटरीवर चालेल. अण्णांनी तो आल्या दिवशी चार्जिंगला लावला, तो लावलाच. पोरानं फोनवर सांगितलं, बॅटरी कायम शंभरावर ठेवू नका, 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते त्यात, ती चालू करा. अण्णांनी नोकरीभर पेपर तपासलेले. म्हणाले, "पैकीच्या पैकी मिळत असताना ऐंशीवर का थांबायचं?"

आता लिथियम आयनच्या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत : सतत काठोकाठ भरलेलं राहणं आणि उष्णता. माणदेशातला उन्हाळा, वर पत्रा, आणि हवा आत घ्यायच्या जाळ्या ग्रंथांवर दाबून बसलेल्या. काम संपलं तरी मशीन बंद न होता नुसतंच झोपायचं, त्यावर गरम असतानाच घोंगडी. दुसऱ्या उन्हाळ्यात माउससारखं वापरायचं ते मधलं चौकोनी पान हळूहळू वर उचललं गेलं. काकूंनी पहिल्यांदा पाहिलं. "अहो, ह्याचं प्वाट सुजलंय." बॅटरीत वायू धरला होता. बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्या पोरानं ती काढून टाकली आणि सांगितलं, आता थेट विजेवर चालवा.

अण्णांना वाईट वाटलं नाही. उलट त्यांना मशीन आता कुठं व्यवस्थित झाल्यासारखं वाटलं. अडचण एकच : लाइट गेली की तेही जायचं, आणि लाइट नेमकी फॉर्म भरून 'सबमिट' दाबायच्या वेळी जायची. मग इन्व्हर्टर आला. टेबलाखाली तो आणि त्याची पाण्याची बॅटरी अशी बसली की अण्णांना पाय दुमडून बसावं लागतं. मुलानं लाइट जाते म्हणून लॅपटॉप दिला, आणि लॅपटॉपसाठी लाइट जाऊ नये म्हणून अण्णांनी हे केलं. दर महिन्याला बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालतात, तुळशीला घालावं तितक्या निष्ठेनं.

मी एकदा त्यांना ऑस्बॉर्न वनची गोष्ट सांगितली. 1981 साली अमेरिकेत तो बरोबर नेण्याचा संगणक म्हणून विकायला आला. वजन 11 किलोच्या आसपास, पडदा तळहाताएवढा, आणि आत बॅटरीच नाही; भिंतीतल्या विजेवाचून हलायचा नाही. त्यांची चेष्टा करावी म्हणून सांगायला गेलो. अण्णा गंभीरपणे ऐकत राहिले, मग समाधानानं म्हणाले, "म्हणजे मुळात असाच होता तो. मधल्या काळात लोकांनी बिघडवला."

काकूंचं मत वेगळं. म्हसवडात 1997 पासून माणदेशी महिला बँक आहे, तिच्या पोरी यंत्र घेऊन बाजारात, दारोदार फिरतात. काकूंचं खातं तिथं. "बँक उठून माझ्या दारात येती," त्या म्हणतात, "सिद्धनाथाचा रथसुद्धा वर्षातनं एकदा देवदिवाळीला बाहेर पडतोय. आन ह्यांचं लॅपटॉप सोप्यातनं पडवीत येत न्हाय."

अण्णा यावर काही बोलत नाहीत. त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. पाटणच्या डोंगरात, जावळीत, मग उशिरानं माणमध्ये. प्रत्येक बदलीला पत्र्याची ट्रंक, वळकटी, स्टोव्ह. मुलाची इयत्ता एका गावात सुरू व्हायची आणि दुसऱ्यात संपायची. ट्रंक अजून माळ्यावर आहे, कड्या तुटलेली. तिच्याकडं बघून एकदा एवढंच म्हणाले होते, "लय फिरलो बाबा."

पण मशीन हलत नाही म्हणून त्याचा उपयोग नाही असं कुणी समजू नये. गल्ली त्याच्याकडं येते. पीक विम्याचे अर्ज, शिष्यवृत्ती, आणि मुख्य म्हणजे सातबारा. पोर्टलवर नुसता बघायचा तर फुकट, डिजिटल सहीचा हवा तर 15 रुपये. अण्णा आधी फुकटचा उघडतात, आणि तो टीव्हीवर दिसतो. सोप्यात सात-आठ जण बसलेले. गट नंबर, क्षेत्र, बहिणींची नावं, आणि 'इतर हक्क'च्या रकान्यात कुठल्या सोसायटीचा किती बोजा. ज्याचा उतारा तो मान खाली घालतो, बाकीचे गुंठे मोजतात. "टीव्ही बंद करा की, अण्णा," कुणीतरी पुटपुटतं. पण टीव्हीची केबल काढली तर सेटिंग बिघडंल.

त्याआधी कॅप्चा असतो, ती वाकडी-तिकडी अक्षरं. ती अण्णांना नीट दिसत नाहीत. मग ते उभे राहतात, हातात पट्टी घेतात आणि टीव्हीवर एकेका अक्षरावर टेकवतात. "हं, मोठ्यानं." सोप्यातले शेतकरी एका सुरात म्हणतात, एक्स, सात, के, छोटा पी. कुणी चुकलं की अण्णा पट्टी टेबलावर वाजवतात. निम्मे जण त्यांचेच विद्यार्थी. कॅप्चा चुकला की वर्गाला पुन्हा म्हणायला लागतो.

लेक-जावई केरळात. जावयाचा सोनं गाळायचा, गलाईचा धंदा; या भागातली पुष्कळ घरं त्या धंद्यानं दूरवर पांगलेली आहेत. रविवारी नात व्हिडिओवर येते. गाय व्याली तेव्हा तिनं हट्ट धरला, आजोबा, लॅपटॉप गोठ्यात न्या, मला वासरू दाखवा. अण्णांनी विचार केला. वायर बघितली, टेबल बघितलं. मग काकूंना म्हणाले, "वासरू आणा."

पाच दिवसांचं वासरू, काकूंनी पोटाशी धरून आणलं. ते थरथरत कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं, टीव्हीवर स्वतःलाच बघून बिचकलं, माउस चाटला, आणि घोंगडीचं टोक तोंडात धरून चोखू लागलं. नात तिकडं टाळ्या पिटत होती. गोठ्यात गाय हंबरून घर डोक्यावर घेत होती. मग सोपा सारवावा तसा पुसावा लागला, पण अण्णांनी वासराला ओरडल्याचं मी ऐकलं नाही. नंतर बराच वेळ ते माउस पुसून त्याची जागा शोधत होते.

यंदा दिवाळीला मुलानं नवा लॅपटॉप आणला. पातळ, हलका, एका हातात मावणारा. अण्णांनी तो उलटापालटा करून पाहिला. तार कुठं लावायची ते आधी शोधलं. मुलगा उत्साहानं सांगत होता, "अण्णा, एकदा चार्ज केला की दहा तास चालतो. वायरच नको. शेतात न्या, देवळात न्या."

अण्णांनी टेबलाखाली पाय जरा दुमडून घेतले.

"दहा तास?" ते म्हणाले. "मग आपल्या इन्व्हर्टरचं काय करायचं?"