माहुलीच्या घाटावरची भाऊबंदकी

गावाकडच्या जुन्या घराण्याची वंशावळ हवी असेल तर कागद मागू नयेत, सरळ मळ्यात जावं. विहिरीच्या अंगाला, करंजाखाली चार-दोन वृंदावनं असतात. एक पणजोबांचं, एक त्यांच्या धाकट्या भावाचं, आणि एक त्या चुलत्यांचं ज्यांच्याशी दोघांचंही कधी पटलं नाही. हयातभर एका बांधासाठी तारखा भरलेली माणसं इथे हातभर अंतरावर नांदतात. तक्रार कोणाचीच नाही.

साताऱ्याच्या भोसल्यांचा मळा जरा मोठा, एवढंच. शहराच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा भेटतात, तिथे अलीकडे संगम माहुली आणि पलीकडे क्षेत्र माहुली. येणारा पाहुणा देवळं बघतो. श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ बघावं असंच आहे. रामशास्त्री प्रभुणे इथलेच, हेही कोणीतरी सांगतं. मग चहा घेऊन मंडळी परततात, आणि राजघराण्याच्या समाध्या नदीकाठी तशाच राहतात.

थोरले शाहू महाराज इथे आहेत. सातव्या वर्षी मोगलांच्या कैदेत गेले, १७०७ साली सुटून आले, तर स्वागताला काकी ताराबाईंची फौज! हा पुतण्या नव्हे, तोतया आहे, असं काकींचं म्हणणं. खेडच्या लढाईत काकी हरल्या. पुढे कोल्हापूरची गादी वेगळी झाली, तिथे सवतीनेच त्यांना अडकवून ठेवलं, आणि अखेर आसरा मिळाला तो साताऱ्यात, त्याच पुतण्याच्या छायेत. आसरा म्हणजे नजरकैदच, पण मानाची.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू गेले. वारस म्हणून काकींनी आपला नातू रामराजा पुढे केला. त्याच्याशी बिनसलं तेव्हा त्याला किल्ल्यात डांबलं आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली, की हा माझा नातूच नव्हे. आधी पुतण्या खोटा, मग नातूही खोटा. औरंगजेबाशी झुंजलेल्या या बाईबद्दल मला आदरच आहे, पण त्यांच्या घरात लग्नाची पंगत कशी बसवत असतील, हा प्रश्न सुटत नाही.

पानिपतची बातमी ऐकूनही त्या वर्षभर जगल्या. १७६१ च्या डिसेंबरात, शहाऐंशीव्या वर्षी वारल्या. आणि त्यांची समाधी कुठे? माहुलीला, पुतण्याच्या शेजारात. पावसाळ्यात कृष्णा फुगते तेव्हा काकी-पुतण्या दोघांच्याही अंगावरून सारखंच पाणी जातं. थोरली पाती, धाकटी पाती, नदी काही विचारत नाही.

या सगळ्यांत बिनवादाची समाधी एकच. ती कुत्र्याची आहे.

त्याचं नाव लोक खंड्या सांगतात. शिकारीत वाघापासून त्याने शाहूंचा जीव वाचवला. ग्रँट डफने आपल्या इतिहासात त्याची हकीकत नोंदवली आहे: महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा सरंजाम खरोखर चालूही ठेवला गेला. मन थाऱ्यावर नसलेल्या काळात एकदा तर महाराजांनी त्याला भरजरी कपडे आणि दागिने चढवून, स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवून भर दरबार भरवला. पुढे बरं वाटल्यावरही त्यांनी डोईला पुन्हा काही घातलं नाही, असं डफ लिहितो. तो हे लहरीपणाच्या खात्यात टाकतो. मला तसं वाटत नाही. ज्याला घरच्या काकीने तोतया ठरवलं, त्याला अंगाच्या वासावरून ओळखणारं कोणीतरी जवळ असावंसं वाटलं, तर त्यात लहर कसली? खंड्याने पुरावा मागितला नाही. गादीवर दावाही सांगितला नाही.

मला राहून राहून आठवण होते ती त्या पालखीच्या भोयांची. ज्या मानासाठी सरदार जन्मभर तलवारी घासत, तो मान खांद्यावर घेऊन हे दुपारच्या उन्हात चढण चढत असतील, आणि आतला मानकरी जीभ बाहेर काढून वारा खात असेल. संध्याकाळी घरी बायकोने विचारलं असणारच, आज कोणाला नेलंत? तेव्हा, ‘सरकारस्वारी होती,’ एवढं सांगून त्यांनी भाकरी मागितली असेल.